मोबाईल नवऱ्याच्या खिशात, बाळ आईच्या पोटात



तुमच्या घरी सून, लेक, बहीण किंवा तुमची स्वतःची पत्नी गरोदर असेल तर हा अंक वाचून झाल्यावर घरातले सगळे मोबाईल जवळ घ्या आणि आलेल्या फोनची यादी पाहा. ०१२४ या आकड्यांनी सुरू होणाऱ्या नंबरवरून आठवड्यातून एकदा फोन येतो काय? येत असेल तर तो कोणी उचलला? आमच्या मूल तालुक्यातल्या वस्त्यांत मी हा प्रश्न बऱ्याच घरी विचारला. उत्तर ठरलेले. "कंपनीचा असन म्हणून कापला, भाऊ."

तो कंपनीचा नाही. तो सरकारच्या आरोग्य खात्याचा आहे आणि तुमच्या घरातल्या गरोदर बाईसाठी आहे. या सेवेचे नाव 'किलकारी'. देशपातळीवर ती २०१६ साली सुरू झाली आणि आपल्या महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे एकूण ७२ निरोप येतात. आवाज आधीच भरून ठेवलेला असतो, निरोप दोनेक मिनिटांचा असतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत. वाचता न येणाऱ्या बाईलाही तो कळतो. एखादा निरोप हुकला तर १४४२३ या नंबरवर फोन लावून पुन्हा ऐकता येतो. पलीकडून कोणी माणूस बोलत नसल्यामुळे तो ओटीपी, आधार किंवा बँकेचा नंबर कधी विचारत नाही. जो विचारतो तो भामटा समजावा आणि खुशाल कापावा.

किलकारीचे काम ज्या 'अरमान' संस्थेच्या मदतीने चालते ती मूळची मुंबईची. डॉ. अपर्णा हेगडे यांनी ती २००८ साली काढली. २०१४ साली या संस्थेने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या गरोदर बायांसाठी 'एम-मित्र' नावाची फोनसेवा सुरू केली होती. त्यात बाळंतपण होऊन मूल वर्षाचे होईस्तोवर १४५ निरोप यायचे. म्हणजे ही कल्पना आपल्याच राज्यातल्या कष्टकरी बायांच्या घरातून पुढे गेलेली आहे.

हे निरोप कोणत्या बाईला, कोणत्या आठवड्यात जायचे हे कसे ठरते? नर्सबाईच्या नोंदणीत दोन गोष्टी असतात, मोबाईल नंबर आणि शेवटच्या पाळीची तारीख. सगळा कारभार या दोन नोंदींवर चालतो. मी पेशाने कारकून. रजिस्टरातला एक आकडा चुकला की माणूस कसा वर्षभर खेटे घालतो हे रोज पाहतो. पेन्शनचे ठीक आहे, आज नाही तर उद्या मिळेल. पोटातले बाळ मात्र उद्यासाठी थांबत नाही. नंबर दिराचा लिहून दिला आणि दीर पुण्याला कामाला, तर निरोप पुण्याला. नंबर किराणा दुकानदाराचा दिला तर निरोप दुकानात. सिम बदलले आणि सांगितले नाही, तर निरोप कुठेच नाही. रिचार्ज संपून काही दिवस गेले की येणारे फोनही बंद होतात, हेही ध्यानात ठेवा.

नंबरपेक्षाही महत्त्वाची ती तारीख. नर्सबाईने विचारले की आपल्या बाया म्हणतात, "पोळ्याच्या आसपास आलती," किंवा "रोवणा आटोपला तेव्हा." त्यात बायांचा दोष नाही. दिवस कामाच्या हिशेबाने मोजायची आपली रीत आहे. पण एवढ्यावरून तारीख काढता येते. "चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गेलतो त्याच्या आदल्या दिवशी" असे जी बाई सांगते तिची तारीख मला लगेच लिहिता येते, कारण तो मेळावा १५ आणि १६ ऑक्टोबरचा. सासूने, नवऱ्याने दर महिन्याला मोबाईलच्या कॅलेंडरवर खूण करायला काय हरकत आहे? लाज वाटायचे कारण नाही. दुधाचा आणि वर्तमानपत्राचा खाडा आपण मांडतोच.

आता तारखेचा हिशेब पाहू. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात ९ महिने आणि ७ दिवस मिळवा. पाळी १ जानेवारीला आली असेल तर बाळंतपणाची तारीख ८ ऑक्टोबर. हे ४० आठवडे झाले. त्यातून ३ आठवडे वजा करा, १७ सप्टेंबर. हे ३७ आठवडे. या दिवसाच्या आधी जन्मलेले मूल वेळेआधीचे, म्हणजे अपुऱ्या दिवसांचे. आणखी ३ आठवडे मागे गेले की २७ ऑगस्ट, म्हणजे ३४ आठवडे. त्याच्याही आधी कळा आल्या तर धोका मोठा. या तीन तारखा मोबाईलमध्ये टाकून ठेवा, नाहीतर स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने लिहा. पण लिहा. सोनोग्राफी लवकर, पहिल्या तीन महिन्यांत झाली तर तारीख अधिक नेमकी कळते.

वेळेआधी जन्म ही क्वचित घडणारी गोष्ट नाही. जगात दर दहा बाळांमागे साधारण एक असे जन्मते. २०२० साली जगात अशी १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली आणि त्यांतली सुमारे ३० लाख एकट्या भारतात. कोणत्याही देशापेक्षा हा आकडा मोठा आहे.

आणि तरीही आपल्या घरांत अजून एक समजूत चालू आहे की, सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही. शिकलेली माणसेही ती बोलून दाखवतात. ही समजूत शंभर टक्के खोटी आहे. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाच्या फुप्फुसाला, मेंदूला, अंगावरच्या चरबीला बळ देत असतो. आठव्या महिन्यातल्या बाळाला सातव्यातल्यापेक्षा जगण्याची संधी जास्तच असते. या समजुतीने नुसती भीती पसरत नाही, जीव जातो. आठव्या महिन्यातले मूल जन्मले की घरची बुढी म्हणते, "आता हे काही राहत नाही." मग गाडीसाठी धावाधाव होत नाही, दुधासाठी खटपट होत नाही आणि बाळ गेले की समजूत खरी ठरल्यासारखी वाटते. बाबासाहेबांच्या माणसांनी हे एक नशीब तरी घराबाहेर काढावे.

अपुऱ्या दिवसांचे बाळ वाचते याचा पुरावा शोधायला अमेरिकेला जायचे काम नाही. तो मूलहून गडचिरोलीच्या रस्त्यावर आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था गडचिरोली जिल्ह्यात काढली. १९९० च्या दशकात त्यांनी ३९ गावांत गावच्याच थोड्या शिकलेल्या बायांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले. या बाया घरोघर जाऊन नवजात बाळाचे वजन करीत, ताप पाहत, श्वास मोजत, बाळाला उबदार पिशवीत ठेवायला शिकवत, जंतुसंसर्ग झाला तर औषध व इंजेक्शन देत. या प्रयोगाचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे २००५ साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा वेगळा हिशेब प्रसिद्ध झाला. आधी अशा १०० बाळांपैकी ३३ दगावत, ती संख्या १० वर आली. हे जंगलातल्या गावांत, मातीच्या घरांत, काचेच्या पेटीशिवाय घडले. आज आशाताई बाळंतपणानंतर घरी येतात ती पद्धत २०११ पासून देशभर लागू झाली, तिचे मूळ इथे आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांनी यायचे असते. आली नाही तर तुमच्या हातात मोबाईल आहेच, फोन लावा.

वेळेआधी कळा का येतात? पुष्कळदा कारण सापडत नाही, डॉक्टरांनाही नाही. म्हणून "हिनेच काहीतरी केले असेल" असे बोलून सुनेला कोपऱ्यात घेणे आधी बंद करा. पण जी कारणे माहीत आहेत त्यांतली कितीतरी आपल्या भागात उशाशी बसलेली आहेत. अंगात रक्त कमी असणे हे पहिले. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक, ५२ टक्के गरोदर बायांना रक्तक्षय होता. जंगलपट्टीत हिवताप आहे. लघवीच्या जागेचा जंतुसंसर्ग आहे, जो बाया लाजेने सांगत नाहीत. रक्तदाब आहे, जुळे आहे, दोन बाळंतपणांत थोडे अंतर असणे आहे, कोवळ्या वयातले लग्न आहे. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेल आहे, त्या बाईला तर पहिल्या महिन्यापासून डॉक्टरची नजर हवी.

आणि खर्रा! आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत पाहुणा आला की चहाच्या आधी खर्रा पुढे होतो. बायाही खातात, कोणी नस लावते, कोणी गुडाखू घासते. "पोट दाबते म्हणून खातो," असे एक वहिनी सहज म्हणाल्या. तंबाखू तोंडात धरली तरी तिचे विष रक्तातून बाळापर्यंत जाते. बाळ कमी वजनाचे होणे, आधी होणे, पोटातच जाणे हे सगळे त्यातून वाढते. नवऱ्याने घरी खर्रा आणायचा आणि बायकोला सोड म्हणायचे, हे चालायचे नाही.

कष्टाचेही बोलले पाहिजे. रोवण्याच्या दिवसांत आठव्या महिन्यातली बाई दिवसभर चिखलात वाकून असते. मे महिन्यात तेंदूपत्ता, हिवाळ्याच्या शेवटी तेलंगणात मिरची तोडायला टोळीबरोबर जाणे. तिला विसावा घे म्हणून फोनवर सांगणे सोपे आहे, रोजी कोण भरून देणार? १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचे बिल आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा देताना हाच मुद्दा धरला होता की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे. १९२९ साली कायदा झाला, पण तो कारखान्यातल्या बायांसाठी. धानाच्या बांधीतली बाई अजून बाहेरच आहे. तिला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या खेपेला ५ हजार आणि दुसरी मुलगी झाली तर ६ हजार मिळतात. ती रजेची भरपाई नव्हे, पण हक्काचे आहेत, घ्यावेत. मिरचीला जाणाऱ्या टोळीत गरोदर बाई असेल तर तिची तपासणीची वही आणि तिचा चालू नंबर तिच्याजवळ असू द्या. नर्सबाई तेलंगणात पोहोचत नाही, फोन पोहोचतो.

आता मूळ अडचण. फोन पोहोचतो, पण कोणाजवळ? बहुतेक घरांत एकच चांगला मोबाईल असतो आणि तो नवऱ्याच्या खिशात असतो. नवरा सकाळी कामावर, फोन त्याच्याबरोबर. दुपारी निरोप येतो, तो कापतो. मध्य प्रदेशात किलकारीचा अभ्यास झाला तेव्हा गर्भनिरोधक साधने वापरण्यात थोडी वाढ दिसली, बाकी सवयींत मोठा फरक दिसला नाही. मला त्याचे नवल वाटले नाही. भरून ठेवलेला आवाज बोलून जातो, त्याला उलट विचारता येत नाही.

याच्या बाजूला आपल्या नागपूरचा अनुभव ठेवून पाहा. तिथे बाळंतिणींना समुपदेशक बाई दर आठवड्याला स्वतः फोन करी, अडचण ऐकून घेई, शिवाय रोज एक लेखी निरोप येई. तो अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांपर्यंत निव्वळ अंगावरचे दूध पाजणाऱ्या आया फोन येणाऱ्या गटात ९७ टक्के होत्या, दुसऱ्या गटात ४९ टक्के. दोन्ही गट चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते, वेगवेगळ्या दवाखान्यांतले होते, तरी फरक डोळ्यात भरण्याजोगा आहे. यंत्र तेच. पण पलीकडे माणूस होते.

तेव्हा किलकारीचा निरोप आला की तो अर्धा समजा, उरलेला अर्धा आपण घरात पुरा करायचा. नवऱ्याने दुपारचा फोन हुकला तर संध्याकाळी १४४२३ लावावा, स्पीकर चालू करावा, बायको आणि आई दोघींना बसवून ऐकावे. सासूने ऐकणे फार महत्त्वाचे, कारण सुनेने किती खावे, कधी झोपावे, दवाखान्यात कधी जावे हे पुष्कळ घरांत तीच ठरवते. ऐकून शंका निघाली की आशाताईला फोन. आमच्याकडे वर्षावासात विहारात बाया जमतात तेव्हा एका ताईने असा निरोप सगळ्यांना ऐकवला. निम्मा वेळ हसण्यात गेला, पण त्या दिवशी दोघींनी अंगावरून पाणी जाते ही गोष्ट पहिल्यांदा तोंडातून काढली.

कारण खुणा ओळखणे हेच खरे काम आहे. ३७ आठवड्यांच्या आत अंगावरून पाणी किंवा रक्त जाणे, पोट थांबून थांबून आवळणे, कंबर सतत दुखणे, खाली दाब आल्यासारखे वाटणे, लघवीला जळजळ, ताप, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल मंदावणे. यातले एकही दिसले तर "सकाळपर्यंत पाहू" म्हणू नका. १०८ किंवा १०२ लावा. मूलच्या सरकारी दवाखान्यात जा. बाळ फार अपुऱ्या दिवसांचे येणार असे दिसले तर आईला पोटातल्या बाळासह चंद्रपूरला किंवा गडचिरोलीला नेणे चांगले. आईच्या पोटाइतकी उबदार गाडी दुसरी नाही.

एक गोष्ट विचारायला विसरू नका. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झाल्या तर आईला डेक्सामिथासोन नावाचे इंजेक्शन देतात. त्याने बाळाचे फुप्फुस लवकर तयार होते. १२-१२ तासांनी असे ४ डोस. औषध अगदी स्वस्त आहे. पुढच्या दवाखान्यात पाठवण्याआधी पहिला डोस नर्सबाईनेही द्यावा, असे केंद्र सरकारने २०१४ साली ठरवून दिले आहे. म्हणून अदबीने विचारा, "ताई, फुप्फुसाचे इंजेक्शन द्यायचे आहे काय?" आईला जंतुसंसर्ग असेल किंवा दिवस नक्की माहीत नसतील तर डॉक्टर विचार करून ठरवतात. पुन्हा ती तारीखच आडवी येते पाहा. ओळखीच्या एका भावाच्या घरी तारीख कोणालाच सांगता आली नाही, तिकडे डॉक्टरही अंदाजच बांधत राहिले.

ॲस्पिरिनच्या गोळीचेही कानावर येईल. पहिलटकरणींना लवकर सुरू केलेल्या कमी ताकदीच्या गोळीवर सहा देशांत अभ्यास झाला, त्यात आपले नागपूरही होते. सुमारे १२ हजार बाया होत्या. २०२० साली निकाल आला, वेळेआधीचे जन्म १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आले. उपयोग आहे, पण ती डॉक्टरनेच द्यावी. मेडिकलमधून आणून परस्पर देऊ नये.

बाळ लवकर आलेच तर घाबरून त्याला आंघोळ घालू नका, मध किंवा घुटी चाटवू नका, खोलीत शेगडीचा धूर करू नका. ते थंडीने जाते, भुकेने जाते, जंतूंनी जाते. आईच्या उघड्या छातीवर, दोन स्तनांच्या मध्ये उभे ठेवायचे, डोक्याला टोपी, ढुंगणाला लंगोट, वरून लुगडे घट्ट बांधायचे. याला कांगारू पद्धत म्हणतात. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात १९७० च्या दशकाच्या शेवटी पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून डॉक्टरांनी ती सुरू केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जन्मल्याबरोबर असे ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी दिसले. आपल्या दिल्लीचे सफदरजंग हॉस्पिटल त्या अभ्यासात होते. दिवसातून जितके तास जमेल तितके. आई थकली की बापाने छातीवर घ्यावे. बापाच्या छातीतही तीच ऊब असते, आणि त्या वेळी मोबाईल आईच्या हातात द्यावा. ३४ आठवड्यांच्या आधीच्या बाळाला चोखून गिळणे नीट जमत नाही, तेव्हा आईचेच दूध काढून वाटी-चमच्याने, डॉक्टर सांगतील तसे.

शेवटी एक नाजूक गोष्ट. कधी कधी बाळ राहत नाही. नोंद बदलली नाही तर फोन येतच राहतात, आणि रिकाम्या कुशीच्या बाईला दर आठवड्याला बाळाच्या लसीचे ऐकावे लागते. अशा घरी शेजाऱ्याने, नातेवाईकाने एवढे करावे की नर्सबाईला सांगून नोंद बदलून घ्यावी, नाहीतर १४४२३ वर फोन लावून सेवा बंद करावी. तिला स्वतःला ते करायला लावू नये. बाळ वेळेआधी येऊन जगले असेल तरी जन्मतारीख लगेच नोंदवा, नाहीतर मांडीवर मूल असताना फोनवर नववा महिना चालू राहतो.

सिकलसेलच्या कार्डाविषयी काही वाचकांनी विचारले आहे. त्यावर पुढच्या अंकी.